चिखलणीपूर्वीची मशागत

मुरबाड-शहापूरकडच्या खाचरात येत्या पावसाळ्यात अनुदानावरच्या पॉवर टिलरने चिखलणी करायची असेल, तर मशागत आत्तापासून धरा. जमिनीची नव्हे, कागदाची. जमीन काय, दोन पाऊस पडले की मऊ होते.

पहिली पाळी सातबाऱ्यावर घाला. उताऱ्यावर तुमच्यासोबत चुलते, आत्या आणि वारलेले आजोबा धरून चौदा नावं असतील. कसता तुम्ही एकटे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण अनुदानाचा अर्ज जिथे भरायचा ते महाडीबीटी पोर्टल गावात राहत नाही. सामायिक क्षेत्र म्हटलं की संमतीपत्र आलं. एक चुलतभाऊ कोपरखैरण्याला, दुसरा डोंबिवलीत, आत्याची मुलगी घोडबंदर रोडला. म्हणजे ट्रान्स-हार्बर, मध्य रेल्वे आणि घोडबंदरची वाहतूक कोंडी अशी तीर्थयात्रा एकाच टिलरमागे घडते. त्यातला एक हमखास म्हणणार, "सही करतो रे, पण आधी वाटणीचं बोलू." आजोबांची वारस नोंद राहिली असेल, तर फेरफाराच्या नोटिशीचे 15 दिवस वेगळे धरा, आणि कोणी हरकत घेतली तर पुढचा हंगामही धरा.

आता, याच सातबाऱ्यात गाव नमुना 12 असतो. मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत तुम्हीच खाचरात उभं राहून काढलेल्या फोटोवरून त्यात भाताची नोंद होते. मग कसतो कोण, ते 12 मध्ये बघा की, अशी सोपी सूचना चुकूनही करू नका. मालकी सात सांगतो, म्हणून सातला विचारायचं; बाराने फक्त भात पिकवायचा.

दुसरी पाळी नावावर. सातबाऱ्यावर बाळू, आधारवर बाळाराम, पासबुकावर स्पेलिंग तिसरंच. 15 एप्रिल 2025 पासून योजनांसाठी फार्मर आयडी, म्हणजे आधारला आणि सातबाऱ्याला जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक, सक्तीचा आहे, तेव्हा यापुढे घरात बारसं असेल तर आत्याबाईंआधी तलाठ्याला बोलवा. तलाठी नका म्हणू, आता ते ग्राम महसूल अधिकारी. कृषी सहाय्यकही आता सहायक कृषी अधिकारी झालेत. सुधारणा होत नाहीत असं कोण म्हणतं?

बँकेत 'आधार लिंक आहे' या उत्तरावर समाधान मानून लगेच उठा. लिंक असणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीडिंग, म्हणजे अनुदान याच खात्यात यावं अशी आधारवर नोंद, असणं वेगळं, हे तिथे विचारलंत तर काम होऊन जाईल. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, त्यामुळे मागे कधीतरी कोणत्या खात्यासाठी अंगठा दिला होता ते आठवत बसण्यात उन्हाळा बरा जातो.

पूर्वी अर्जांची लॉटरी होती, नशिबाला बोल लावता यायचा. 2025-26 पासून प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य. आता बोल रेंजला लावा.

कृषी विभागाची पूर्वसंमती येईपर्यंत टिलर घ्यायचा नाही, आधीचं बिल बाद. ती आली की मुदतीत खरेदी, तीही रोखीने नाही. कोटेशन आणि यंत्राच्या चाचणीचा अहवाल ज्या मॉडेलचा, तेच मॉडेल बिलावर हवं. दुकानदाराने 'तसंच आहे, नवीन आलंय' म्हणून दुसरं दिलं की प्रस्ताव त्रुटीत. पूर्ण किंमत आधी तुम्ही भरायची. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, किंवा ठरलेली कमाल मर्यादा, यांत जे कमी ते मागाहून येतं. उसनवारीचं व्याज यात धरत नाहीत. गरिबाला मदत करायची तर त्याच्याकडे आधी पूर्ण पैसे आहेत का, हे बघायला नको?

शेवटी मोका तपासणी, म्हणजे साहेब जागेवर येऊन टिलर बघणार. त्या दिवसापर्यंत टिलर चिखलात घालू नका, घातलाच तर इंजिन नंबर घासून धुवा. फोटोत तो आकडा वाचता आला पाहिजे. तोवर लावणी अंगावर आली असेल, तर शेजाऱ्याचा टिलर तासाच्या भाड्याने बोलवा. तुमचा नवाकोरा, ताडपत्रीखाली, साहेबांची वाट बघत उभा राहू द्या.