बाहेरच्यांशी संबंधच येत नाही म्हणे!

आज सकाळी साडेदहाला एका टूर कंपनीच्या मीटिंगला गेले आणि साडेअकराला उठून आले. बटाटेवडा मात्र खाल्ला. चांगला होता, उगाच खोटं का बोला.

जाऊबाईंचा आग्रह होता म्हणून गेले होते. भूमध्य समुद्रात चौदा रात्रींची क्रूझ. टाय लावलेला एक मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. पोहण्याचा तलाव, कॅसिनो, अकराव्या मजल्यावरचं थिएटर. तिथपर्यंत मी निमूट ऐकत होते. मग तो म्हणाला, "बोटीवर तीन हजार लोक असतील, पण काळजी नको. आपला ग्रुप वेगळा, आपला आचारी वेगळा, जेवायची वेळ वेगळी, अंताक्षरीचा हॉल वेगळा. काकू, चौदा दिवसांत बाहेरच्यांशी तुमचा संबंधच येणार नाही!"

आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

टाळ्या! अहो, मग जाता कशाला? सोसायटीच्या गच्चीवर निळी ताडपत्री अंथरा, आचारी बोलवा, अंताक्षरी खेळा. व्हिसाचे पैसे वाचतील. लाखालाखाने पैसे मोजायचे, ते माणसं भेटू नयेत म्हणून? तुम्हा मंडळींना हे वेगळं सांगायला नको, पण माझं डोकं अजून ठणकतंय, तेव्हा आज लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये मी नॉर्वेला गेले होते, हे जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे. हे गेल्यानंतरचा माझा पहिला मोठा प्रवास. मैत्रीण बरोबर येणार होती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी एकटीच निघाले. बर्गनहून किर्कनेस आणि परत, बारा दिवस. वाटेत चौतीस बंदरं. 'हुर्टिगरूटन' म्हणतात त्या बोटसेवेला, म्हणजे जलद मार्ग. १८९३ मध्ये सुरू झाली, त्या वर्षी तिला १२५ वर्षं पूर्ण झाली होती. क्रूझ म्हणावी तर क्रूझ, पण खरं सांगायचं तर ती आपली एसटी आहे. माल, सायकली, कुत्री आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालेली माणसं. हार्स्टाडला एक बाई चढली, मांडीवर केकचा खोका. बसली ती सरळ सोर्टलँडपर्यंत खोक्याला दोन्ही हात लावून. नातीचा वाढदिवस होता. मला एकदम आमच्या कोकण बोटीवरचा बरका फणस आठवला. तोही असाच मांडीवर बसून मुंबईला यायचा.

जेवायला रात्री ठरलेलं टेबल असायचं. रोज तेच टेबल, तीच माणसं. माझ्या टेबलावर दोन इंग्रज बहिणी, ज्यांचं खिडकीकडच्या खुर्चीवरून रोज भांडण व्हायचं, आणि शेजारी एक उंच, वाकलेला जर्मन म्हातारा. लायप्झिगकडचा. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेला. शाळेत रशियन शिकलेला, इंग्रजीचे शब्द जेमतेम दहा. माझं जर्मन म्हणजे 'डांके'. पहिल्या रात्री आम्ही दोघांनी मिळून मीठ मागितलं, तेवढंच संभाषण.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याच्याजवळ एक छोटी काळी वही. डाव्या बाजूला बोटीचं छापील वेळापत्रक चिकटवलेलं, उजवीकडे पेन्सिलीने खरी वेळ. प्रत्येक बंदर. बोट धक्क्याला किती वाजता लागली, किती वाजता सुटली, फरक किती मिनिटांचा. शेवटी शेऱ्याचा रकाना. रात्री अडीचला हा माणूस डेकवर उभा राहून घड्याळ बघायचा, कारण कुठलंसं बंदर त्याच वेळी येतं.

बहिणी हसायच्या त्याला. मी नाही हसले. बत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत, कॅश टॅली झाल्याशिवाय घरी न जाणारी माणसं मला कळतात. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बेरजेत चार मिनिटांची चूक काढली. त्याने वही घेतली, पुन्हा बेरीज केली, पुन्हा केली, आणि उठून उभा राहून माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या दिवसापासून रोज जेवणानंतर वही माझ्यापुढे यायची. मी बेरीज तपासायची, कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. बास. ही आमची मैत्री. हिला काय नाव द्यायचं ते तुम्ही द्या.

चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडलं. तिथे एक खेळ असतो, कॉलरमधून पाठीवर बर्फाचं पाणी ओततात. मी शालीसकट ओतून घेतलं. सगळे खिदळत होते. आणि त्याच दुपारी बूडो बंदर सोडून बोट वेस्टफ्योर्डात शिरली. लोफोटेनची बेटं समोर यायला चारेक तास लागतात, आणि तेवढा वेळ खुला समुद्र. त्या दिवशी वारा सुटला होता. माझं जे काही झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की डेकच्या मागच्या बाजूला बाकावर पडून मी देवाला म्हणत होते, आता ने.

तेव्हा हा म्हातारा आला. एका हातात कोरडी बिस्किटं, दुसऱ्यात हिरवं सफरचंद. बोलणार काय? त्याने माझी हनुवटी धरून, अक्षरशः धरून, माझं तोंड क्षितिजाकडे वळवलं आणि बोट दाखवलं. तिकडे बघ. मी मान खाली घातली की पुन्हा हनुवटी. चाकूने सफरचंदाच्या पातळ फोडी करून एकेक देत होता. मधूनच घड्याळ बघायचा आणि बोटांनी सांगायचा, अजून नव्वद मिनिटं. अजून साठ. अजून चाळीस.

आता सांगा, हा 'बाहेरचा'?

थांबा, इथे दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आठ वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी संपवून आजीबरोबर देवगडहून मुंबईला परत येत होते. ज्यांनी ती कोकण बोट पाहिली नाही त्यांना काय सांगणार! देवगडला बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. आपण पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीपर्यंत जायचं, बोट वर-खाली, पडाव वर-खाली, आणि खलाशी पोरांना गाठोड्यासारखं वर ओढून घ्यायचे. मग डेकवर चटई टाकून जागा धरायची. विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, आणि सकाळी भाऊचा धक्का. मे अखेरचा समुद्र, पावसाच्या तोंडावरचा. विजयदुर्ग सोडलं आणि मी आडवी.

आजी माझी कडक सोवळ्यातली. चटईला दुसऱ्याची चटई लागली तरी सरकवायची. जैतापूरला एक मुसलमान बाई चढली, दोन पोरं आणि एक ट्रंक घेऊन, आणि आमच्याच शेजारी बसली. आजीने आमची चटई वीतभर ओढून घेतली, ते मी पडल्या पडल्या पाहिलं. अर्ध्या तासाने त्याच बाईने माझं डोकं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. कमरेच्या पिशवीतून आमसुलाचा तुकडा काढला, जिभेखाली ठेव म्हणाली, चावू नको. रत्नागिरी येऊन गेली तरी तिने मांडी हलवली नाही. आणि आजीने, माझ्या आजीने, तिच्या धाकट्या पोराला आपल्या पदराखाली घेऊन निजवलं होतं. सकाळी भाऊच्या धक्क्यावर आजी माझ्या कानात म्हणाली, "घरी काही बोलू नकोस हो."

मी बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. आजी गेली त्याला चाळीस वर्षं झाली, आता चालेल.

त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं. पण आमसूल जिभेवर ठेवलं की अजून मला इंजिनाची धडधड पाठीखाली जाणवते. हे त्या टायवाल्या मुलाला कसं सांगायचं? त्याने कोकण बोट पाहिलेली नाही, त्याच्या आईनेही पाहिली नसेल. त्याचा दोष नाही म्हणा. दोष टाळ्या वाजवणाऱ्यांचा. ते सगळे माझ्या वयाचे होते, त्यातले निम्मे कोकणातले, आणि हे असलं बोटीवरचं आयुष्य ज्यांनी भोगलंय तेच आज टाळ्या वाजवतात, बाहेरचे नकोत म्हणून!

जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, जेवणाचे हाल होतात म्हणून असतं ते." बरं, मान्य. शाकाहारी माणसाचे बोटीवर हाल होतात. मी बारा दिवस बटाटा, पाव आणि चीजवर काढले आणि घरी आल्यावर तीन दिवस फक्त वरणभात खाल्ला. आणि भाषा येत नाही, वय झालं, भीती वाटते, हेही मान्य. एकट्या बाईला सोबत हवी. सगळं मान्य. पण सोबत हवी आणि कुंपण हवं, यात फरक आहे की नाही?

आणि तो दुसरा डायलॉग. "बोटीवरची मैत्री बोटीवरच संपते, काकू." हे भाचा म्हणाला होता मागे, आज पुन्हा आठवून राग आला. संपली तर संपली! बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर अकरा वर्षं बसलेली बाई निवृत्तीनंतर एकदाही फोन करत नाही, तिची मैत्री काय पक्की होती? बोटीवर निदान तारीख ठाऊक असते. बाराव्या दिवशी दुपारी बर्गन. म्हणून माणूस उद्यावर ढकलत नाही. एका रात्री लाउडस्पीकरवर घोषणा झाली, उत्तरेचा प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, दिसतोय, आणि झाडून सगळे डेकवर. मी नाइटगाऊनवर स्वेटर आणि कानटोपी. त्या भांडखोर बहिणी एका ब्लँकेटमध्ये दोघी. हिरवट पडदा हलत होता आकाशात, कोणी बोलत नव्हतं. मोठीने धाकटीला पुढे केलं, कठड्यापाशी. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या खुर्चीवरून पुन्हा भांडल्या, ते सोडा.

राग जरा उतरला लिहिता लिहिता. चहा करून आले.

तर म्हातारा. शेवटच्या दिवशी बर्गनला आम्ही बारा दिवसांची एकूण बेरीज केली. आकडा जुळला. मग त्याने वहीतलं एक पान काळजीपूर्वक फाडून मला दिलं. त्या चौथ्या दिवसाचं, वेस्टफ्योर्डाचं. मला वाटलं आठवण म्हणून दिलं असेल. बंदरांची नावं आणि आकडे ओळखू येत होते, शेऱ्याच्या रकान्यातलं जर्मन काही कळेना. पासबुकाच्या कव्हरात घालून ठेवलं. पुण्याला आल्यावर बऱ्याच दिवसांनी खालच्या मजल्यावरची मुलगी, जी मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकते, तिच्याकडून वाचून घेतलं. एका बंदरापुढे लिहिलं होतं, माल चढवायला उशीर. एकापुढे, जोराचा वारा. आणि त्या संध्याकाळच्या शेवटच्या नोंदीपुढे: शेजारच्या बाई पुन्हा जेवल्या. सूप आणि अर्धा पाव.

ती मुलगी म्हणाली, "आजी, हे टाइमटेबलमध्ये का लिहिलंय?" मी म्हटलं, "जा तू, अभ्यास कर."

पत्रं चालू आहेत आमची. पत्रं कसली, वेळापत्रकंच. पहिल्या वर्षी मी त्याला कोकण रेल्वेचं वेळापत्रक छापून पाठवलं. उत्तर आलं, दोन ठिकाणी पेन्सिलीने गोल आणि मोठं प्रश्नचिन्ह. एकाच गाडीच्या दोन वेळा कशा? मग मी त्या मुलीकडून लिहून घेतलं, की आमच्याकडे पावसाळ्यात दरडी कोसळतात, गाड्या हळू चालवतात, म्हणून पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. यावर तो भयंकर खूश झाला. पाऊस आधीच धरून केलेलं वेळापत्रक! त्याच्या पुढच्या पत्रात ९१ बोगद्यांबद्दल प्रश्न होते. तेव्हापासून दर वर्षी पावसाळी वेळापत्रक त्याला टपालाने जातं.

मीटिंगमधून उठताना त्या मुलाने विचारलं, "काकू, नाव लिहू ना?" मी नको म्हटलं. तो बिचारा खाली आला मागोमाग, रिक्षा बघून दिली, माझी छत्री विसरली होती ती आणून दिली. चांगला आहे पोरगा. पुढच्या वेळी भेटला तर त्याला पडावाची गोष्ट सांगीन.

जाऊबाई, वाचत असाल तर रागावू नका, तुम्ही जाऊन या. अंताक्षरीत 'ळ' आला तर फोन करा.

आणि हो, रिक्षात बसल्यावर आठवलं, या वर्षीचं वेळापत्रक अजून टाकलेलंच नाही टपालात. जून कधीच उलटला. उद्या सकाळी पोस्टात जाते. उशीर किती झाला ते तो मोजणारच आहे.