जाग आली नाही, साहेब

मराठीत माणूस जास्त झोपत नाही, त्याला 'जाग येत नाही'. म्हणजे चूक जागेची, ती वेळेवर आली नाही, आपण काय करणार, आपण तर झोपलेलो होतो! हेच ऑफिसच्या मेलमध्ये लिहायला घ्या. आय ओव्हरस्लेप्ट. झालं, सगळा आळ डायरेक्ट आपल्यावर आणि खाली सहीपण आपलीच.

या 'ओव्हर'वाल्या क्रियापदांचा मला जाम वैताग आहे. मे महिन्यात छातीत जळजळतंय म्हणून डॉक्टरकडे गेलो, मराठीच माणूस, पण स्टेथोस्कोप कानात घातला की इंग्रजी सुरू. "डिड यू ओव्हरईट?" आता खरं काय झालं होतं, तर मावशीकडे आमरस होता, मी वाटीवर हात आडवा धरलेला, आणि ती पळी घेऊन उभी, "हात काढतोस का हातावरच ओतू?" मग जेवण जरा जास्त 'झालं'. यात मावशी आहे, आग्रह आहे, हापूस संपत आलाय हे टेन्शन आहे. ओव्हरईटमध्ये सगळे सुटले, अडकलो फक्त मी.

पैशांचंही तेच, आपल्याकडे पैसे आपले आपण 'खर्च होतात', ओव्हरस्पेंड म्हटलं की लगेच कोणी केले ते सांगा.

बरं, सगळेच ओव्हर अतिरेकी असते तरी चाललं असतं. पण ओव्हरलुक म्हणजे जास्त बघणं नाही, उलट नजरेतून सुटणं. आमच्या ऑफिसातल्या एकाने बायोडेटात छाती फुगवून लिहिलं होतं, मी अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट ओव्हरलुक करतो. लिहायचं होतं ओव्हरसी. (त्याचं काम बघता लिहिलं तेच जास्त खरं होतं, असो.) आणि पुढची गंमत म्हणजे ओव्हरसाइट, देखरेख पण तीच आणि नजरचूक पण तीच! कोर्टात कसं निभावत असतील देव जाणे.

घरात सगळ्यात डेंजर ओव्हररिअ‍ॅक्ट. "मी ओव्हररिअ‍ॅक्ट करत नाहीये" हे वाक्य हळू आवाजात बोललेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

बायकोने मात्र दोन्ही भाषांची वाटणी व्यवस्थित करून घेतलीय. तिची भाजी 'लागते'. माझी मी ओव्हरकुक करतो.