हौसेला मोल लावताना

हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने बहुधा हौसेची वस्तू विकायला काढून पाहिली असावी.

मी दोन वर्षं घरी साबण करत होतो आणि सुखात होतो. महिन्यातून एखाद्या रविवारी एक बॅच, दहा वड्या. दोन घरात, आठ वाटायला. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने माझा साबण लावून कोणाची कातडी मऊ झाली, कोणाची खाज गेली. एका आत्याबाईंची तर झोप सुधारली. साबणाने झोप कशी सुधारते हे मी विचारलं नाही. स्तुतीची उलटतपासणी करू नये. आणि मग प्रत्येकजण न चुकता म्हणायचा, "अहो, तुम्ही हे विकत का नाही?"

आता मराठीत 'विकत' हा शब्द मोठा फसवा आहे. देणारा विकत असतो आणि घेणाराही विकतच घेतो. मला वाटलं, माणसं दोन्ही अर्थांनी बोलताहेत. प्रत्यक्षात सगळी पहिल्या अर्थाने बोलत होती. दुसऱ्या अर्थाने बोलणारं त्यात एकही नव्हतं. हे कळायला मला सात महिने आणि दोनशे वड्या लागल्या.

साबण करणं हे दिसतं तितकं सुगंधी काम नाही. सुरुवात कॉस्टिक सोड्यापासून होते. तो तोलून पाण्यात घालायचा. पाणी सोड्यावर ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून तोंडावर येतं. सोडा पडला की पाणी शेगडीशिवाय ८० अंशांच्या आसपास तापतं आणि त्यातून घसा धरणारी वाफ निघते. ॲल्युमिनियमचं भांडं घेतलंत तर सोडा भांडंच खायला लागतो आणि वर हायड्रोजन सोडतो. म्हणून स्टीलचं भांडं, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि उघडी खिडकी. एकदा याच वेषात मी दार उघडलं, तर पार्सल घेऊन आलेला पोरगा दोन पायऱ्या मागे सरकला आणि सही न घेताच गेला.

पुढे तेलांचं गणित. प्रत्येक तेलाची सोडा पचवायची ताकद वेगळी. ५०० ग्रॅम खोबरेलाला साधारण ९१ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला जेमतेम ६७. वर पाच टक्के सोडा मुद्दाम कमी घालायचा, म्हणजे थोडं तेल अंगासाठी शिल्लक राहतं. हे गणित मी चोख करायचो. ग्रॅमचाही फरक नाही. त्यामुळे माझी समजूत झाली की मला हिशेब येतो.

किंमत ठरवायला मी वही घेऊन बसलो. तेल, सोडा, सुगंध, कागद, दोरी अशी बेरीज केली, दहाने भागलं. आकडा इतका गोड आला की बायकोला हाक मारली. तिने वही पाहिली आणि विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हणजे?"

"तुमची मजुरी."

मग तोलणं, ढवळणं, साच्यात ओतणं, दुसऱ्या दिवशी कापणं, कडा तासणं, गुंडाळणं, भांडी घासणं (ही ती घासते, पण ते तेव्हा बोललो नाही) असा वेळ मांडला. बॅचला सात तास. त्या तासांना मी बऱ्यापैकी मोल लावलं, तर वडीची किंमत अशी झाली की ती अंघोळीपेक्षा तिजोरीत शोभली असती. म्हणून माझा वेळ निम्मा केला. मग पाव. शेवटी जी किंमत लोकांना 'जरा जास्तच' वाटणार नाही असं मला वाटलं, तिथे येईपर्यंत मी स्वतःला वहीतून संपूर्ण पुसून टाकलं होतं. लोकांना ती तरीही जरा जास्तच वाटली.

धंद्याची दुसरी अट अशी की कालचा साबण आजही तसाच निघायला हवा. हौशी माणसाला प्रत्येक बॅच वेगळी आली की आनंद होतो. गिऱ्हाईक त्याला फसवणूक म्हणतं. व्हॅनिलाच्या सुगंधाचा पांढराशुभ्र साबण आठवड्यात तपकिरी होतो, कारण व्हॅनिलिनचा गुणच तो. मी नाव ठेवलं होतं 'पहिला हिमवर्षाव'. लेबलं छापून झालेली. लवंगतेल घातलं की मिश्रण हां हां म्हणता दगड होतं, ओतायला उसंतच देत नाही. त्या दिवशी साबण मी साच्यात ओतला नाही, ठेचून बसवला. आणि वर शोभेसाठी लॅव्हेंडरच्या कळ्या पेरल्या, त्या ओल्या साबणात काळपट पडून हुबेहूब उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसू लागल्या. बायको म्हणाली, "हे निसर्गाच्या अगदीच जवळ गेलं."

पण या सगळ्यापेक्षा मोठा छळ म्हणजे थांबणं. कापलेली वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवावी लागते. पाणी उडतं, साबण टणक होतो, सौम्य होतो. दरम्यान वजनही घटतं. लेबलवर मोठ्या दिमाखात १०० ग्रॅम लिहिलेली वडी महिन्याने काट्यावर ८८ भरली, तेव्हा मी आधी काट्यावर संशय घेतला. घरात तीन माणसं आणि फळीफळीवर साबण. पुस्तकांच्या कपाटातून पुस्तकं गेली, पाहुण्यांच्या पलंगाखालून पाहुण्यांच्या गाद्या गेल्या. पाहुणे आपोआप गेले. आलेल्या एकाने तर फळीवरची वडी खाण्याची समजून उचललीही. 'वडी' हा शब्द असल्या घरात जपून वापरावा.

अशातच एका ओळखीच्या बाईंचा फोन. "समारंभाला आलेल्यांना द्यायला साठ वड्या हव्यात. पुढच्या मंगळवारी."

म्हटलं, "साबणाला सहा आठवडे लागतात."

"हो, पण लवकरात लवकर?"

"सहा आठवडे."

"तुम्ही मनावर घ्या हो!" जणू सोडा माझ्या आळसामुळे तेलाशी बोलत नव्हता.

मी मनावर घेतलं. रात्री साडेअकराला खोबरेल कमी पडलं, म्हणून त्याजागी ऑलिव्ह तेल घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला. वर दिलेले आकडे ज्याने लक्षपूर्वक वाचले असतील त्याला पुढचं कळलं असेल. साबणवाले वडीला जिभेचं टोक लावून पाहतात. सोडा जास्त असेल तर झिणझिणी येते, बॅटरीचं टोक चाटल्यासारखी. मी लावलं. त्यानंतर मी बाईंना फोनवर नकार दिला तो बोबड्या आवाजात, आणि त्यांना वाटलं मी रडतोय.

त्या काळात मन रमवायला साबणाचा इतिहास वाचत होतो. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ नावाच्या गृहस्थाने मिठापासून धुण्याचा सोडा करायची युक्ती काढली. साबणाचा कॉस्टिक सोडा त्यातूनच करत, तो सोडा महाग, तेव्हा हा कुबेर व्हायला हवा होता. १७९१ मध्ये पेटंट मिळालं. कारखान्याला पैसा पुरवणाऱ्या सरदाराचं डोकं दोन वर्षांत क्रांतीने उडवलं, कारखाना सरकारजमा झाला आणि १८०६ मध्ये लब्लाँ कफल्लक अवस्थेत गेला. उलट मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. याने तेल-चरबीचा साबण होताना आत काय घडतं ते वर्षानुवर्षं शोधलं आणि १८२३ मध्ये पुस्तकात मांडलं. यालाही मध्येच धंद्याची उबळ आली. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं, पण ते काही चाललं नाही. गडी प्रयोगशाळेत परतला आणि १०२ वर्षं जगला.

मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे धंदा बुडाला तरी चालतं. फक्त वेळेत बुडायला हवा."

तरी एका प्रदर्शनात मी टेबल मांडलंच. दिवसभरात माणसं भरपूर आली. वडी उचलायची, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा, "अहाहा" म्हणायचं आणि जागेवर ठेवायची. संध्याकाळपर्यंत माझ्या साबणांचा निम्मा वास लोक नाकातून घेऊन गेले असावेत. एकाने विचारलं, "यात केमिकल नाही ना?" मी प्रामाणिक माणूस. सांगायला लागलो की सोड्याशिवाय साबण होत नाही, पण तेलाशी संयोग होऊन तो संपतो, आणि तसं पाहिलं तर पाणीही... 'सोडा' एवढंच ऐकून गृहस्थ गेले. शेजारच्या टेबलावरची मुलगी कळवळून म्हणाली, "काका, 'नाही' म्हणायचं."

विक्री: चार वड्या. त्यातल्या दोन बायकोच्या मैत्रिणीने घेतल्या. तिला कोणी पाठवलं होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

चौथी घेतली शेजारच्या काकूंनी. दोन वर्षं फुकट नेणाऱ्या काकूंनी पाकीट उघडून रीतसर पैसे मोजले, तेव्हा मला भरून आलं. चौथ्या दिवशी काकू दारात. हातात कागदासकट वडी, कोपरा तेवढा झिजलेला.

"राग मानू नका हो," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही आधी द्यायचात ना, तो साबण चांगला होता. याला तो वास नाही. फेसही नाही तसा. धंदा म्हटला की असं होतंच म्हणा."

ती वडी मी त्यांना महिन्यापूर्वी फुकट दिलेल्या वडीच्याच बॅचमधली होती. त्याच साच्यातली, शेजारची. मी तोंड उघडलं, मिटलं. आत गेलो, फळीवरून त्याच बॅचची एक उघडी वडी उचलली. लेबल नाही, दोरी नाही, एक कडा तिरकी कापलेली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या हातात दिली आणि त्यांचे पैसेही परत केले.

काकूंनी कागद थोडा बाजूला करून वास घेतला. चेहरा उजळला.

"हां! हा तो!" त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही हा विकत का नाही?"