घरबसल्या ऑस्ट्रेलिया ओळखा

परदेश समजून घ्यायला तिथं जावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. व्हिसाची फी वाचवा. डिसेंबर उजाडला की पहाटे पाचचा गजर लावा, चादर गुंडाळून सोफ्यावर बसा, आवाज घरातले उठणार नाहीत इतपत ठेवा आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी लावा. पाच दिवसांत देश पाठ.

भूगोल पहिल्या दहा मिनिटांत उरकतो. सिडनीचा पूल, ऑपेरा हाउस, सीमारेषेजवळ निवांत बसलेले सीगल आणि बिअरचा प्लास्टिकचा ग्लास उंचावणारा एक उघडाबंब गृहस्थ. झाला ऑस्ट्रेलिया. याहून जास्त दाखवायला जाहिराती वेळ देत नाहीत, आणि तुम्हालाही तेवढ्यात चहा टाकायचा असतो.

मग स्वभावशास्त्र. त्यासाठी स्टंप माइक, म्हणजे खेळाडूंचं बोलणं टिपणारा यष्टीतला मायक्रोफोन. जानेवारी 2021 मध्ये सिडनीला त्यांचा कर्णधार टिम पेन याने यष्टीमागून अश्विनला ‘गॅबावर (ब्रिस्बेनच्या मैदानावर) ये, मग बघतो’ छापाची भाषा केली. त्यावरून तिथल्या नर्सा, बसचालक आणि शाळामास्तर किती उद्धट असतील याचा अंदाज बांधा. अश्विननेही त्याला तिथल्या तिथं सुनावलं होतं, पण ते उद्धटपणात धरत नाहीत. त्याला ‘जशास तसं’ म्हणतात. 2024 साली मेलबर्नमध्ये त्यांच्या एकोणीस वर्षांच्या सलामीवीर कॉन्स्टासला कोहलीचा खांदा लागला आणि कोहलीच्या मानधनातले वीस टक्के कापले गेले. तिथं शब्द वापरायचा ‘जोश’.

इतिहास जानेवारी 2008 पासून सुरू करा, मागे जाऊ नका. सिडनी कसोटी. त्यांचा सायमंड्स भारताविरुद्ध यष्टीमागे झेल देऊनही नाबाद ठरला आणि 162 वर नाबादच राहिला. ते बोट वर न करणारे पंच स्टीव्ह बकनर जमैकाचे, दुसऱ्या टोकाचे मार्क बेन्सन इंग्लंडचे. तरी राग ऑस्ट्रेलियावरच धरायचा. जमैकावर रागवायला आपल्याकडे पुरेसं फुटेज नाही. त्याच आठवड्यात ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’मध्ये पीटर रोबक यांनी पाँटिंगलाच कर्णधारपदावरून हाकला असं लिहिलं, पण ते छापील. जे रिप्लेमध्ये दिसलं नाही ते घडलं नाही, हा आपल्या शास्त्राचा पाया. 2018 चा केपटाउनचा सँडपेपर याच नियमाने वाचावा: ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने चेंडू घासला हे ध्यानात ठेवायचं. आयसीसीने कर्णधार स्मिथला एका सामन्यापुरतं बाहेर बसवलं आणि त्याच्याच देशाच्या मंडळाने वर्षभर, हे गाळायचं.

आता थोडा नाजूक धडा. 2021 च्या त्याच सिडनी कसोटीत सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली. खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं, क्रिकेट ऑस्ट्रेलियाने माफी मागितली. हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर 2007 मध्ये आपल्या वानखेडेवर सायमंड्सकडे बघून माकडचेष्टा केल्या गेल्या आणि काही प्रेक्षकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. हे लक्षात ठेवू नका. दोन्ही एकदम आठवायला लागलं तर सामना बघणं जड जातं. शिवाय त्या दिवशी वानखेडेवर शेजारचे काका असू शकतात.

इतक्या कष्टाने कमावलेला द्वेष खाली कधी ठेवायचा, हेही शिकून घ्या. वेळापत्रक सोपं आहे: आयपीएलचा लिलाव. सिडनीची राळ खाली बसते न बसते तोच, 20 फेब्रुवारी 2008 ला, डेक्कन चार्जर्सने सायमंड्सला साडेतेरा लाख डॉलरला घेतलं. 2011 मध्ये तर तो आणि त्याच सिडनी कसोटीत त्याला ‘माकड’ म्हटल्याचा आरोप झालेला हरभजन मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते. अलीकडचं हवं असेल तर 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद, विश्वचषकाचा अंतिम सामना. स्टेडियम गप्प करायला मजा येते असं त्यांचा कर्णधार कमिन्स आदल्या दिवशी म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी हेडने 137 काढून ते करून दाखवलं आणि आपण नेटवरून हेडच्या बायकोपर्यंत, लहानग्या मुलीपर्यंत शिव्या पोहोचवल्या. बरोबर महिन्याने, 19 डिसेंबरला, कमिन्स साडेवीस कोटींना आणि हेड सहा कोटी ऐंशी लाखांना हैदराबादचे झाले. तेव्हा ज्या मोबाइलवरून शिवी गेली, त्याच मोबाइलवरून एप्रिलात बदाम पाठवावेत. जुन्या पोस्टी तेवढ्या आठवणीने डिलीट करा.

अजिंक्य रहाणेचा कित्ता मात्र गिरवू नका. 2021 मध्ये मालिका जिंकून तो मुंबईला घरी आला, तेव्हा स्वागताला केक होता आणि केकवर कांगारू. तो कापायचा नाही म्हणाला. कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी, जिंकलो तरी समोरच्याचा मान ठेवावा, असं काहीतरी त्याचं म्हणणं. त्याचंही काय चुकलं म्हणा. सगळी मालिका बिचारा तिथंच होता, टीव्हीवर बघायचं राहूनच गेलं.