‘सीट ४ वर लूट पडतच नाही’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला कॅफेकडून उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यू वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार दोन ओळींत: तुम्ही तीन रविवार सीट ४ वर ‘पाथ ऑफ एक्झाइल’ या ऑनलाइन गेमचा पहिला भाग खेळलात, चाळीस मॅप (राक्षस मारत पार करायचे एरिया) केलेत आणि एकही डिव्हाइन ऑर्ब (गेममधलं मौल्यवान चलन) मिळाला नाही. शेजारच्या सीट ५ वर मित्राला दोन मिळाले. म्हणजे आमचा पीसी पनवती, आमच्या नेटमुळे ड्रॉप (राक्षस मेल्यावर पडणारी लूट) कमी होतो, आणि काउंटरवरच्या मुलाने ‘नशीब, दादा’ म्हणत हात झटकले.

‘नशीब’ हे उत्तर अर्धवट होतं, ते मान्य. सीट ४ वर आमची एक चूकही सापडली. पण तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथे ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फासे कुठे पडतात ते. या गेममध्ये राक्षस मेला की काय पडणार, किती पडणार, कुठल्या दर्जाचं पडणार हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर ठरतं. आमच्या पीसीला फक्त निकाल कळवला जातो: अमुक वस्तू, अमुक जागी, दाखव. ग्राफिक्स कार्ड, रॅम, विंडोजचं घड्याळ, सीटचा नंबर यांपैकी काहीही त्या हिशेबात शिरत नाही. शिरलं असतं तर लोकांनी एव्हाना घरोघरी डिव्हाइन छापले असते. गेमच्या फोल्डरमधल्या ‘क्लायंट’ नावाच्या लॉग फाइलमध्ये प्रत्येक नव्या एरियासमोर ‘सीड’ म्हणून एक आकडा दिसतो. त्यावरून ‘लकी सीड’च्या गप्पा फार चालतात. तो आकडा एरियाचा नकाशा कसा मांडायचा यासाठी आहे, लुटीसाठी नाही.

आता आमची चूक. आमचे पीसी रीस्टार्ट झाले की मूळ स्थितीत येतात. फक्त गेम आणि डॉक्युमेंट्स फोल्डर आम्ही वेगळ्या ड्राइव्हवर जपून ठेवतो, म्हणजे नेहमीच्या मंडळींची की-सेटिंग्ज उडत नाहीत. पाथ ऑफ एक्झाइलचे लूट फिल्टर (पडलेल्यातलं काय दाखवायचं, काय लपवायचं हे ठरवणाऱ्या फाइल्स) याच डॉक्युमेंट्स फोल्डरात, ‘माय गेम्स’च्या आत राहतात, आणि कुठला फिल्टर चालू आहे हेसुद्धा तिथल्याच कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सीट ४ वर आधीच्या कुणीतरी स्वतः बदललेला एक अतिकडक फिल्टर ठेवून दिला होता. तुम्ही स्वतःच्या आयडीने लॉगइन केलंत, पण फिल्टर त्याचाच चालू राहिला.

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. फिल्टर वरून खाली वाचला जातो आणि वस्तूला जुळणारा पहिला ब्लॉक लागू होतो. या फाइलमध्ये अगदी वरच ‘हाइड’चा ब्लॉक होता आणि त्यात ट्रान्सम्युटेशन, ऑल्टरेशन, ऑल्केमी हे ऑर्ब आणि जवळपास सगळ्या रेअर वस्तू घातल्या होत्या. शेकडो मॅप करून बसलेल्या माणसाला हे ठीक आहे, त्याला चिल्लर वेचायला वेळ नसतो. नुकतेच मॅपवर पोचलेल्या खेळाडूसाठी मात्र हीच चिल्लर घरखर्चाची असते. ती जमिनीवर पडत होती, तुम्हाला दिसत नव्हती.

डिव्हाइन ऑर्ब त्या फाइलने लपवला नव्हता. त्याचा ब्लॉक शाबूत आहे, मोठ्या आवाजासकट. म्हणजे चाळीस मॅपमध्ये तो दिसला नाही कारण तो पडलाच नाही. पण का पडला नाही, याचं एक टोक आमच्या फिल्टरपाशी येतं. ते असं.

क्लायंट लॉगमधल्या फक्त ‘जनरेटिंग लेव्हल’च्या ओळी गाळून पाहिल्या (त्याच फाइलमध्ये चॅटही साठतं, ते उघडलेलं नाही). तुमचे बहुतेक मॅप ६८ ते ७२ लेव्हलचे, म्हणजे टियर (मॅपच्या कठीणपणाची पायरी) १ ते ५. मित्राबद्दल तुम्हीच लिहिलंय की तो टियर १४ च्या पुढचे, ऑल्केमी मारलेले मॅप चालवत होता. पांढरा (साधा) मॅप तसाच चालवला तर त्यावर मॉड (मॅप कठीण करणाऱ्या अटी) नसतात, म्हणून क्वांटिटी, म्हणजे पडणाऱ्या वस्तूंचं प्रमाणही वाढत नाही. ऑल्केमी ऑर्बने तोच मॅप पिवळा (रेअर) केला की प्रत्येक मॉडमागे मॅपची आयटम क्वांटिटी चढते, पन्नास टक्क्यांच्या वर जाणं नेहमीचंच. पॅक साइझ (राक्षसांच्या टोळीचा आकार) वाढला तर मारायला राक्षसही जास्त, म्हणजे फासे टाकायच्या वेळा जास्त. मित्राचा एक मॅप आणि तुमचा एक मॅप यांची तुलनाच होत नाही. आणि तुम्ही पांढरे मॅप का चालवत होतात? स्टॅशमध्ये (साठवणीच्या पेटीत) ऑल्केमी नव्हते. का नव्हते? फिल्टर लपवत होता. एवढा दोष आमचा.

तुम्ही दोन्ही हातांत रॅरिटीच्या अंगठ्या घालून खेळलात, तेही रिव्ह्यूत आहे. पहिल्या भागात अंगावरची रॅरिटी पांढरी, निळी, पिवळी की युनिक एवढंच ठरवायला मदत करते. करन्सी ऑर्बला हे दर्जे नसतात, त्यामुळे डिव्हाइनसाठी त्या अंगठ्या शोभेच्या. उलट त्यांच्यापायी लाइफ आणि रेझिस्टन्स घालवलेत, मेलात, पोर्टल (मॅपमध्ये शिरायची दारं) वाया गेले. पुढच्या वेळी त्या काढा, लाइफ-रेझिस्टन्सच्या घाला, आणि प्रत्येक मॅपवर एक ऑल्केमी मारा. मारल्यावर मॉड वाचूनच मॅप मशीनमध्ये टाका. लाइफ-माना आपोआप भरणं बंद करणारा मॉड आला आणि तुमचा बिल्ड (कॅरेक्टरची बांधणी) त्यावरच चालत असेल, तर तो मॅप बाजूला ठेवलेला बरा.

‘चाळीसात शून्य म्हणजे नक्कीच घोळ’ या वाक्यावर थोडं थांबायला हवं. या गेममध्ये डिव्हाइनचा दर कंपनीने जाहीर केलेला नाही, म्हणून उदाहरणापुरता आकडा धरू: सरासरी वीस मॅपमागे एक. तरीही चाळीस मॅप कोरडे जाण्याची शक्यता ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. आमच्याकडे सोळा सीट आहेत. सोळाही जणांनी अगदी सारखे चाळीस मॅप केले तर सरासरी दोन जण रिकाम्या हाताने उठणार, आणि त्या दोन सीट पनवती ठरणार. पुढच्या रविवारी दुसऱ्या दोन. दर शंभर मॅपमागे एक धरला, जे पांढऱ्या मॅपसाठी अधिक पटणारं आहे, तर चाळिसांत शून्य येण्याची शक्यता ६७ टक्के. म्हणजे काही न मिळणं हाच तिथला सर्वसाधारण निकाल.

एक टक्क्याची गंमत बघायची तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला इन्व्हिन्सिबल घोडा घ्या. लिच किंग या बॉसच्या पंचवीस जणांच्या हिरोइक लढाईत तो खेळाडूंच्या नोंदींनुसार साधारण शंभरात एकदा पडतो, आणि एका कॅरेक्टरला आठवड्यातून एकच संधी. वर्षभर एकही आठवडा न चुकवता गेलात तरी ५९ टक्के लोक घोड्याविनाच. शंभर वेळा गेल्यावरही ३७ टक्के तसेच. ९९ टक्के खात्री हवी असेल तर ४५९ खेपा. ‘शंभरात एक’ म्हणजे ‘शंभराव्याला हमखास’ नव्हे, हीच गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते.

‘प्रत्येक गेममध्ये पिटी (ठरावीक अपयशांनंतर हमखास बक्षीस) असते, इथे का नाही?’ असंही तुम्ही विचारलंय. प्रत्येक गेममध्ये नसते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये कॅरेक्टर बॅनर या सोडतीत पंचतारांकित निकालाचा मूळ दर ०.६ टक्के आणि नव्वदाव्या विशपर्यंत, म्हणजे नव्वदाव्या प्रयत्नापर्यंत, एक हमखास. तिथे गेम तुमचे अपयश मोजत असतो. वॉरक्राफ्टने २०१६ च्या ‘लीजन’ या विस्तारात लेजेंडरी वस्तूंना दुर्दैवाविरुद्ध असाच आधार दिला होता. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये मागचा हिशेब लक्षात ठेवणारं गणित आहे, पण ते शत्रूचा वार चुकवण्याच्या इव्हेजनसाठी. जमिनीवर पडणाऱ्या करन्सीला मागचं काही आठवत नाही. एकेचाळिसावा मॅप पहिल्यासारखाच. खेळाडूंची ओरड नेहमीच चुकीची असते असंही नाही. ऑगस्ट २०२२ च्या ‘लेक ऑफ कलान्द्रा’ लीगमध्ये (गेमच्या नव्या हंगामात) लूट खरोखरच घटली होती, लोकांनी आकडे मांडले आणि कंपनीला बदल करावे लागले. पण ती घट सगळ्यांसाठी होती, एका सीटसाठी नव्हे.

नेटबद्दल. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मुख्य लाइन गेली आणि बॅकअपवर येईपर्यंत सगळे गेममधून बाहेर फेकले गेले, हे खरं. तुम्ही म्हणता बॉसची लूट तिथेच गेली. बॉस मेलेला नसेल तर फासे पडलेच नव्हते, कारण ते मरणाच्या क्षणी पडतात. मेला असेल तर लूट त्या इन्स्टन्समध्ये (सर्व्हरवर तुमच्यासाठी उघडलेल्या एरियाच्या प्रतीत) काही मिनिटं पडून राहते. परत लॉगइन करायचं आणि उरलेल्या पोर्टलमधून आत जायचं. मॅपला सहा पोर्टल असतात ते याच्याचसाठी. मॅप नसून साधा एरिया असेल तर वेपॉइंटवरच्या (प्रवासाच्या थांब्यावरच्या) नावावर कंट्रोल धरून क्लिक केलं की जुना इन्स्टन्स यादीत दिसतो. ‘नवा’ निवडला की जुनी लूट विसरा. हे त्या वेळी काउंटरवरून सांगायला हवं होतं, आता सांगतात. पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ) वाढला तर तुम्ही मरता, उशिरा वार बसतो, नेटवर्कच्या लॉकस्टेप सेटिंगमध्ये गेम अडखळतो आणि प्रेडिक्टिव्हमध्ये राक्षस भलतीकडे दिसतो. ड्रॉपचा दर यातल्या कशानेच बदलत नाही.

मित्राने तुमची वस्तू उचलली, हे खापरही आमच्यावर फुटलंय. वड्याचं तेल वांग्यावर! पार्टीत लूट वाटपाचे तीन प्रकार आहेत आणि ते पार्टी लीडर निवडतो. शॉर्ट अ‍ॅलोकेशनमध्ये वस्तूवर एकाचं नाव थोडाच वेळ राहतं, मग जो उचलेल त्याची. तुमची इन्व्हेंटरी भरलेली (बारा बाय पाच, साठच घरं) आणि तुम्ही गावात विकायला गेलेले, एवढ्यात नाव उडालं असणार. लीडरला पर्मनंट अ‍ॅलोकेशन लावायला सांगा, वाद मिटेल. उचललेली वस्तू आम्ही परत आणू शकत नाही.

गेममधल्या मिस्टरी बॉक्समुळे (पैसे देऊन उघडायचे बॉक्स) ड्रॉप बदलतो का, याचं थोडक्यात: त्यातून फक्त दिखाऊ वस्तू निघतात, ड्रॉपवर परिणाम शून्य, आणि ते घ्यायचे पॉइंट्स आमच्या काउंटरवर विकले जात नाहीत. बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले, किंवा चीनने मे २०१७ पासून ज्यांचे दर जाहीर करायला लावले, ते असे पैसे देऊन उघडायचे बॉक्स. राक्षसाच्या खिशातून काय पडतं ते त्यात येत नाही. ‘वॉरफ्रेम’सारखे काही गेम स्वतःहून ड्रॉपचे तक्ते प्रसिद्ध करतात, तसं इथेही व्हावं असं आम्हालाही वाटतं. निदान काउंटरवरचे वाद कमी होतील.

काय बदललं: सगळ्या सोळा पीसींवर सेशन संपताच फिल्टरच्या फाइल्स, गेमची कॉन्फिग फाइल आणि क्लायंट लॉग आपोआप पुसले जातात. की-सेटिंग्ज जपायच्या असतील तर कॉन्फिग फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवा. फिल्टर मात्र गेमच्या वेबसाइटवर स्वतःच्या अकाउंटमधून ‘फॉलो’ करून ठेवा, म्हणजे कुठल्याही पीसीवर ऑप्शन्समधल्या यादीत तो येतो. बसल्या बसल्या ते नाव एकदा तपासा. जमीन संशयास्पद स्वच्छ वाटली तर ऑल्ट दाबून धरा, लपवलेलं सगळं दिसतं.

फिल्टर त्या जागी पहिल्या रविवारच्या आधीपासून होता, म्हणून तिन्ही रविवारचे मिळून नऊ तास तुमच्या मेंबर आयडीवर परत जमा केले आहेत, मुदत नाही. पेप्सी आणि मॅगीचे पैसे त्यात नाहीत. येण्याआधी फोन केलात तर सीट ४ च राखून ठेवू.

– कॅफेचालक