तीनशेच्या आत

विजेच्या बिलावरचे युनिटांच्या दराचे टप्पे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. चिरंजीवांना तेराचा पाढा येत नाही, पण झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल: शून्य ते शंभर, एकशेएक ते तीनशे, तीनशेएक ते पाचशे. पाचशेच्या वर काय असतं, ते आमच्याकडे तिन्हीसांजेला बोलत नाहीत.

हे सगळं बाबांचं शिक्षण. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे त्यांनी आयुष्यभर नटबोल्ट मोजले. निवृत्तीनंतर मोजायला काही उरेना, तेव्हा त्यांची नजर आमच्या वर्तकनगरच्या घरातल्या मीटरवर गेली. आता रोज सकाळी चहाच्या आधी ते खाली मीटररूममध्ये जातात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि वर येऊन डायरीत लिहितात. आकडा नेहमीपेक्षा मोठा असेल, तर त्या दिवशी चहा शांततेत होतो.

बिल आलं की त्याचं जाहीर वाचन होतं. वीज आकारावर बाबांचं काही म्हणणं नसतं. जाळली, तेवढे पैसे. वहन आकारालाही ते मान डोलावतात, कारण माल आणायचा तर भाडं पडणारच, हे स्टोअरमध्ये बसलेल्या माणसाला पटतं. शेवटचं सोळा टक्के वीज शुल्क ते सरकारकडे पाहून सोडून देतात. त्यांचं खरं वैर आहे ते स्थिर आकाराशी.

"म्हणजे मी घराला कुलूप लावून काशीला गेलो, तरी द्यायचा?"

"हो बाबा."

"एकही दिवा न लावता?"

"हो."

"मग निदान काशीला तरी जाऊन येऊ," असं एकदा बायको म्हणाली. त्यावर बाबांनी बिलाची घडी घातली.

आमच्याकडे काटकसरीची सगळी भिस्त दिव्यांवर आहे. खोलीतून माणूस बाहेर पडला आणि दिवा चालू राहिला, की बाबा त्या खोलीच्या दारात उभे राहून मोठ्याने विचारतात, "इथे कोण बसलंय?" कुणीच बसलेलं नसतं. तरीही ते उत्तराची वाट बघतात. बायको स्वयंपाकघरातून मीठ आणायला म्हणून कपाटापर्यंत जाते, तेवढ्यात ओट्यावरचा दिवा गेलेला असतो. परवा फोडणीतली मोहरी तडतडत असताना अंधार झाला. हळदीच्या जागी काय पडलं ते आम्हाला जेवताना कळलं.

एकदा मी बाबांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. म्हटलं, हा आपला एलईडी दिवा नऊ वॅटचा. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणजे हा दिवा रात्रंदिवस जळत ठेवला, तर एक युनिट व्हायला एकशेअकरा तास लागतात. साडेचार दिवस. बाबांनी हिशेब तपासला. बरोबर होता. मग म्हटलं, आता आपला गिझर बघा. दोन हजार वॅट. तो अर्ध्या तासात एक युनिट खातो. म्हणजे तुमच्या एका अंघोळीत हा दिवा साडेचार दिवस चालेल.

इथे सांगायला हवं की बाबा मूळचे कोकणातले, बंबाच्या पाण्यावर वाढलेले. ठाण्यात मे महिन्यात नळाला मुळातच कोमट पाणी येतं, पण त्यांच्या मते कोमट पाणी हे पाणीच नव्हे. अंगावर घेतल्यावर 'हा' असा आवाज निघाला पाहिजे. गिझर लावून ते पेपर वाचायला बसतात, अग्रलेख संपला की उठतात. अग्रलेख लांबला तर युनिट लांबलं.

कागदाकडे बराच वेळ बघून बाबा म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे. पण दिवा दिसतो. गिझर कुठे दिसतो?"

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरातलं सगळं अर्थशास्त्र ह्या एका वाक्यात आहे. आणि आमच्याच कशाला, शेजारच्या वहिनी भाजीवाल्याशी कढीपत्त्याच्या चार काड्यांवरून दहा मिनिटं घासाघीस करतात आणि घरी येऊन मोबाईलवरून दहा मिनिटांत आइस्क्रीम मागवतात. काड्या दिसतात, मोबाईलमधून गेलेले पैसे दिसत नाहीत.

पण दिव्याचं हे सगळं किरकोळ. खरा हंगाम मे महिन्याचा. ठाण्याचा मे ज्यांनी काढलाय, त्यांना सांगायला नको: एका बाजूला खाडी, एका बाजूला येऊरचा डोंगर, आणि मधे घामाने भिजलेले आपण. घरात एसी एकच, आमच्या बेडरूममध्ये. त्यामुळे बाबांनी मे महिन्यापुरता ठराव केला की सगळ्यांनी त्याच खोलीत झोपायचं. पलंगावर गुडघ्यांमुळे बाबा आणि अभ्यासामुळे चिरंजीव. (अभ्यास कसला, परीक्षा एप्रिलमध्येच संपली होती.) खाली एका गादीवर बायको, आणि कपाट व पलंग ह्यांच्यामधल्या फटीत, कुशीवर, मी. पाठीवर वळायचं असेल तर बायकोला आधी कळवावं लागतं. माझी गादी पडली की कपाटाचं दार उघडत नाही, म्हणून उद्याचा शर्ट रात्रीच काढून ठेवायचा. पुढे नाशिकहून मेहुणी आली, तेव्हा तिला दारापाशी जागा मिळाली. दाराखालच्या फटीतून गारवा जाऊ नये म्हणून तिथे जो पंचा खुपसतात, तो तिच्या उशाला आला. "निदान पंचा धुतलेला तरी ठेवा," एवढंच ती म्हणाली. मेहुणी मोठ्या मनाची आहे.

रिमोट बाबांच्या उशीखाली. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २०२० पासून येणारे नवे एसी म्हणूनच सुरू करताना चोवीसवर येतात. हे बाबांनी कुठेतरी वाचलं, आणि त्या रात्री आकडा चोवीसवरून अठ्ठावीसवर गेला.

"चार सक चोवीस," बाबा अंधारात म्हणाले. "चोवीस टक्के वाचले."

"आजोबा," चिरंजीव म्हणाले, "ह्या हिशेबाने एक्केचाळीसवर लावला तर एकशे दोन टक्के वाचतील. वरचे दोन टक्के वीज कंपनी आपल्याला देईल."

बाबांनी खरोखरच रिमोट दाबून पाहिला. तो तीसच्या वर जाईना.

रात्री दोन वाजता बाबा एसी बंद करतात. खोलीत गारवा तीन तास टिकतो, हा त्यांचा सिद्धान्त. तो टिकतो वीस मिनिटं. मग एकेक जण जागा होतो. कुणी बोलत नाही, कारण बोललं की आणखी उकडतं. अंधारात मेहुणी पंच्याने वारा घेत असते, बायकोच्या बांगड्या वाजतात, चिरंजीव मोबाईलच्या उजेडात हवामान बघतात. सगळ्या घरात गाढ झोपलेला माणूस एकच. घोरण्याला युनिट पडत नाही.

संध्याकाळचा प्रश्न मात्र बाबांनी कायमचा सोडवलाय. पाच वाजले की ते पेपर घेऊन खाली इमारतीच्या लॉबीत जातात आणि तिथल्या पंख्याखाली खुर्ची टाकून आठ वाजेपर्यंत बसतात. तो पंखा सोसायटीच्या मीटरवर आहे. लॉबीतला दिवाही सोसायटीच्या मीटरवर. तिथे दिवसाउजेडी दिवा चालू असला तरी बाबा "इथे कोण बसलंय?" असं विचारत नाहीत. एकदा मी आठवण केली, की कॉमन मीटरचं बिल आपल्याच मेन्टेनन्समधून जातं. बाबा म्हणाले, "ते सगळ्यांत वाटलं जातं. पंख्याखाली मी एकटा असतो."

बाहेरच्या काटकसरीबद्दल फार लिहीत नाही. टोमॅटो जांभळी नाक्याला किलोमागे दहा रुपये स्वस्त मिळतात म्हणून मला तिकडे पाठवलं जातं, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी रिक्षाने परत येतो. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरलाच २६ रुपये घेते आणि वर्तकनगर काही दीड किलोमीटरवर नाही. पण हा तोटा बाबांच्या डायरीत लागत नाही. "टोमॅटो मी सांगितले होते, रिक्षा तू केलीस."

एसटीचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही. तेव्हापासून बाबांना महाराष्ट्र पाहण्याची ओढ लागली. पेणला जाऊन ते पोह्याचे पापड घेऊन आले, फुकट जाऊन फुकट परत. पापड इतके आले की ते तळण्यासाठी तेलाचा डबा आणावा लागला. पुढच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा सासरे-सून मिळून येवल्याला गेले. बाबांचं तिकीट शून्य, बायकोचं निम्मं. आल्यावर दोघांनी मिळून मला समजावून सांगितलं की जाण्यायेण्यात किती रुपये वाचले. पैठणीची किंमत कुणी काढली नाही. मीही काढली नाही, संसार करायचाय.

आणि हॉलमधला पंखा. तो आईबाबांच्या लग्नानंतर घेतलेला, पितळी रंगाचा, बीडाचा, फिरताना 'टक्-टक्' करणारा. तो पाऊणशे वॅट खातो. हल्लीचे बीएलडीसी पंखे तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला अठरा-वीस युनिटं सहज वाचतील. दीड वर्षात पंख्याची किंमत वसूल. हे मी बाबांना गोष्टीसारखं सावकाश सांगितलं. ते म्हणाले, "चालू पंखा काढायचा? त्याने काय बिघडवलंय?" स्टोअरकीपरच्या पोथीत चालू वस्तू भंगारात काढणं हे पाप आहे. तेव्हा पंखा आहे तिथेच आहे, आणि त्याच्याखाली बसून आम्ही मोबाईलचा चार्जर प्लगमधून काढतो.

मे महिन्याचं बिल आलं. तीनशे अकरा.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डायरी उघडून चौकशी सुरू झाली. संशय फिरत फिरत मेहुणीच्या हेअर ड्रायरवर आला. बायकोने डोळे मोठे केले तसा तो तिथून उठून चिरंजीवांच्या लॅपटॉपवर बसला. अग्रलेखाचा विषय कुणी काढला नाही.

"एका अकराने घात केला," बाबा म्हणाले. "आता सगळी तीनशे अकरा वरच्या दराने."

"नाही आजोबा," चिरंजीव म्हणाले. "तसं नसतं. पहिली शंभर शंभरच्या दराने, पुढची दोनशे त्यांच्या दराने. फक्त वरची अकरा महाग पडतात."

बाबांनी बिल उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा काढला, लावला. आकडेमोड केली. दोन टप्प्यांतला फरक युनिटमागे तीन-चार रुपये. अकरा युनिटं. शुल्कबिल्क धरून पन्नासाच्याही आत.

"म्हणजे," बायको एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तीनशेची ती रेघ सांभाळायला आम्ही महिनाभर त्या खोलीत एकमेकांच्या अंगावर झोपलो, ते पन्नास रुपयांसाठी?"

"पन्नास रुपये कुणी रस्त्यावर टाकलेत का?" बाबा म्हणाले. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

म्हाताऱ्याचं तोंड उतरलेलं बघून चिरंजीवांना दया आली आणि ते बोलून गेले, "आजोबा, सोलर लावलं तर बिलच येणार नाही. केंद्र सरकारची योजना आहे, २०२४ पासून. घरावर तीन किलोवॅट लावलं की अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान."

ह्यातला 'अनुदान' एवढाच शब्द बाबांनी ऐकला असावा. दुसऱ्या दिवशी मीटररूमला जायच्या ऐवजी ते मेजरिंग टेप घेऊन गच्चीवर गेले. टाकीची सावली सकाळी कुठे पडते, दुपारी कुठे पडते, ते खडूने आखलं. वाळत घातलेले शेजाऱ्यांचे सांडगे सरकवले. त्यावरून झालेलं भांडण वेगळं. लिफ्टने दिवसातून कितीदा तरी वर-खाली केलं. लिफ्टही कॉमन मीटरवर आहे. आठवडाभरात डायरीची पंधरा पानं भरली आणि बाबांनी सेक्रेटरींना लॉबीतच गाठलं.

सेक्रेटरी भला माणूस आहे. त्याने खुर्ची ओढून घेतली, सगळे नकाशे पाहिले आणि म्हणाला, "काका, कल्पना उत्तम आहे. सोसायट्यांनाही किलोवॅटमागे अठरा हजार अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत मी स्वतः मांडतो. फक्त एक आहे. गच्ची सोसायटीची, तेव्हा ही वीज जाणार कॉमन मीटरला. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, हा लॉबीतला पंखा, सगळं त्यावर चालेल."

"आणि आमच्या घरातलं?"

"घरचं बिल ज्याचं त्याला."

बाबांनी डायरी मिटली. वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. सेक्रेटरीला वाटलं, काका नाराज झाले.

"हरकत नाही," बाबा म्हणाले. "मग लॉबीत आणखी एक पंखा बसवून घ्या. आणि इथे भिंतीला एक प्लग. गिझर चालेल असा."