चिनी कवितेत फक्त चंद्रच नाही

‘जुन्या चिनी कवितेत सगळीकडे चंद्रच, सूर्याला तिथे जागा नाही’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. चंद्र लाडका खरा, ली पायच्या कवितांत तर फारच. पण थांग राजघराण्याच्या काळातल्या (इ.स. 618 ते 907) बाकीच्या कविता उघडून पाहा.

वांग वेईची एक कविता जेमतेम 20 अक्षरांची. निर्जन डोंगर, कुठून तरी येणारे माणसांचे आवाज, आणि मावळतीचं परतलेलं ऊन दाट रानात शिरून पुन्हा हिरव्या शेवाळावर पडतं. बस, एवढंच. वाचताना ते शेवाळ मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. वांग चृह्वानची प्रसिद्ध कविता तर ‘पांढरा सूर्य’ या शब्दांनीच सुरू होते.

आणि कवी मंग च्याओ! परगावी निघालेल्या मुलाचे कपडे आई शिवतेय. तो लवकर परतणार नाही या धास्तीने टाके दाट घालतेय. शेवटी कवी विचारतो, इवल्याशा गवताने वसंतातल्या उन्हाचे ऋण कसे फेडावे? इथे ऊन म्हणजे आईची माया. चिनी मुलं ही कविता आजही शाळेत पाठ करतात.